एका वेळी एकच गाठोडं

दर आठ दिवसांनी वेणूच्या घरातल्या चौघांची तोंडं बदलायची, आणि बदलून चौघांना एकच तोंड यायचं. नवरा दगडू, सासू कोंडाबाई, सात वर्षांची ठकू आणि वेणू स्वतः, सगळ्यांना सकाळी उठल्यावर तेच नाक, तीच हनुवटी, त्याच भुवया. साळूबाईचं गाठोडं उघडलं त्या आठवड्यात चौघांच्याही गालांवर देवीचे वण होते. भागीरथीचं उघडलं तेव्हा दगडूच्यासुद्धा नाकाला भोक पडलं, आणि ते बुजू नये म्हणून त्यात कडुनिंबाची काडी घाल असा कोंडाबाईने त्याच्यामागे लकडा लावला. चिमाबाई तिरळी होती. तिच्या आठवड्यात वरणात मीठ दोनदा पडलं.

तोंडावरून माणूस ओळखायची सोयच नव्हती. दगडूला डाव्या हाताच्या तुटक्या करंगळीवरून ओळखायचं, कोंडाबाईला खोकल्यावरून. ठकू लहान, तिचा प्रश्न नव्हता. लग्न होऊन आली त्या महिन्यात वेणूने सासूला नवरा समजून पाठ चोळून द्यायला सांगितलं होतं. सासूने ती चांगली खसखसून चोळून दिली आणि मग खोकली. ही गोष्ट कोंडाबाई अजून सणासुदीला काढायची.

घर कालव्यात होतं. काठावर नव्हे, कालव्यात. त्या मुलखातली घरं तांबडी, गोल, मध्ये थोडी खोलगट, आणि ती पाण्याबरोबर वाहत असत. वेणूच्या सासरच्यांना स्वतःचं घर कधीच नव्हतं. एखाद्या वाहत्या घराची भिंत उसवून आत शिरायचं, आतलं खाऊन राहायचं, आणि घर पोकळ झालं की ते फोडून शेजारच्यात जायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बिऱ्हाड हलायचं त्या दिवशी कालव्याचं पाणी तापायचं आणि सगळा मुलूख दात वाजवत थरथरायचा. याला घरात कुणी चोरी म्हणत नसे. कोंडाबाई याला संसार म्हणायची.

आतून खाल्लेलं घर हळूहळू ताठर होतं. कालवा शेवटी गाळणघरातून जायचा, आणि गाळणघराच्या भिंतीत नुसत्या अरुंद फटी होत्या. मऊ घर अंग आकसून फटीतून पलीकडे निघायचं. ताठर घर अडकायचं, आणि अडकलेल्यांचं पुढे काय होतं ते सांगायला कुणी परत आलं नव्हतं. म्हणून वाहायचं नाही, काठाला धरून राहायचं. काठाला बोटं होती, पण तो फक्त नात्यातल्या घराला धरायचा. घरातल्यांना जे तोंड असेल तेच मोठं होऊन घराच्या दर्शनी भिंतीवर उमटायचं. काठाला ते आपलं माणूस वाटायचं आणि तो बोटं पुढे करायचा.

पण काठाला दिसलेलं तोंड पहारेकऱ्यांनाही दिसायचं. पहारेकरी पांढऱ्या कपड्यांत काठाने फिरायचे. नवं तोंड दिसलं की ओल्या मातीत त्याचा ठसा घ्यायचे, ठसा चावडीवर नेऊन भाजायचे, आणि भाजून झाला की प्रत्येक पहारेकऱ्याच्या खिशात त्याची एकेक प्रत असायची. मग ते यायचे आणि घराला मिठी मारायचे. मिठी सुटायची तेव्हा तिथे घर नसायचं. चुलतदिराच्या घराला त्यांनी अशी मिठी मारली ती वेणूने खिडकीतून पाहिली होती. आरडाओरडा काही झाला नाही. जावेची वाळत घातलेली दोन लुगडी तेवढी पाण्यावर राहिली होती.

तोंड नसलं तर काठ सोडणार आणि असलं तर पहारेकरी ओळखणार, या कात्रीत घराण्याने एकच तोड काढली होती: ठसा भाजून व्हायच्या आत तोंड बदलायचं.

माजघरात साठ खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर साठ गाठोडी. साठ पिढ्यांच्या साठ सुना. लग्नाच्या पाचव्या दिवशी कोंडाबाईने वेणूला पाटावर बसवलं, हळदीच्या कोमट पाण्याने कपाळाची कड भिजवली आणि दुधावरची साय काढावी तसं तिचं तोंड अलगद उतरवलं. दुखलं नाही. तोंडाची चौपदरी घडी झाली, घडी खणात बांधली गेली आणि साठाव्या खुंटीवर टांगली गेली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," कोंडाबाई म्हणाली होती. "ऱ्हाऊ दे झाकलेली. एकदा उघडलं आन्‌ वळखलं गेलं की त्याची चिंधी झाली."

वेणू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता तिला आपलं तोंड आठवत नव्हतं. तीळ हनुवटीवर होता की गालावर, यावर ती भाकऱ्या थापता थापता तासन्‌तास डोकं शिणवायची. एखादे दिवशी हनुवटीवर नक्की व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तो गालावर गेलेला असायचा.

घरात जन्मलेल्यांचं तोंड काढत नसत. त्यांचं आतल्या आत असायचं, वरच्या तोंडाखाली, कुणी न पाहिलेलं. दहा-बारा वर्षांत ते झिजून गुळगुळीत व्हायचं, टाकी न लावलेल्या पाट्यासारखं. दगडूचं कधीच झिजलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मुलगी असली तर झिजायच्या आत तिला उजवायची, म्हणजे तिच्या सासरच्यांना एक गाठोडं मिळे.

गाठोडी सांभाळायचं काम सुनेचं. नियम एकच, आणि तो वेणूने सासरी आल्या दिवशीच ऐकला होता: एका वेळी एकच गाठोडं उघडं, बाकीची करकचून बांधलेली. तोंड एका दिवसापुरतं टिकायचं. पहाटे ते सुकून कडेने सुटायला लागलं की घरातल्या सगळ्यांनी तळवे डोळ्यांवर ठेवायचे आणि वेणूने डोळे मिटून, चाचपत, तेच गाठोडं पुन्हा सोडायचं. तेच कुठलं, हे कुणाला आठवायचं नाही. झोपेत कालचं तोंड प्रत्येकाच्या डोक्यातून पुसलं जायचं. म्हणून उघड्या गाठोड्याच्या खुंटीला तांबडा दोरा बांधलेला असे. दोरा हाताला लागला की ते गाठोडं. ठसा भाजत आला, चावडीवरून धूर दिसला, की कोंडाबाई पुढच्या बाईचं नाव सांगायची आणि वेणू दोरा पुढच्या खुंटीला बांधायची. जुनी आधी, नवी मागून. वेणूचं सगळ्यात शेवटी.

पूर्वी एकेक तोंड चार-चार महिने चालायचं. मग महिना, मग आठ दिवस. चावडीवाल्यांचा हात बसला होता.

यमुनाबाईचं गाठोडं उघडं होतं त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, कोंडाबाई आणि दगडू लवंडले होते. वेणू शेंगा फोडत होती. ठकू तिच्याकडे बराच वेळ बघत बसली.

"आई, तू कशी दिसतीस?"

"तुझ्यासारखी. सगळी सारखीच की आपण."

"ही न्हाई. बांधलेली तू कशी दिसतीस?"

वेणूने आणखी चार शेंगा फोडल्या. मग तिने हात पुसले, उठली आणि साठाव्या खुंटीवरचं गाठोडं काढलं. सगळं सोडायचा तिचा विचार नव्हता. एक पदर उचलायचा, पोरीला दाखवायचं, पोरीच्या तोंडावर आपणही बघायचं आणि बांधून टाकायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत, असं तिने स्वतःला सांगितलं. आईपणात माणूस आंधळं होतं म्हणतात. वेणूला तर उलट बघायचं होतं, डोळे भरून बघायचं होतं, आणि त्यातच ती फसली.

पदर उचलताच ठकूच्या तोंडावर दोन तोंडं आली, पाटीवरचं आधीचं न पुसता वर दुसरं लिहावं तशी. भुवया चार झाल्या. नाकावर नाक बसेना. तीळ दिसला, पण यमुनाबाईच्या गालावर की वेणूच्या हनुवटीवर ते कळेना.

"आई, तू हालतीस," ठकू म्हणाली.

"मी हालत न्हाई."

"मग मी हालतीय."

खिडकीवर टकटक झाली. बाहेर पहारेकरी उभा होता. माणूस वाईट नव्हता, त्याने आधी नमस्कार केला.

"पाव्हणं आलेत का घरात?"

"न्हाई."

"भिंतीवर दोन तोंडं दिसतात."

पहारेकऱ्याने शांतपणे दोन्ही हात मातीत घातले, एका हाताने एक ठसा घेतला, दुसऱ्याने दुसरा, आणि माती सांडू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून तो चावडीकडे गेला. वेणूने गाठोड्याला दोनदा गाठ मारली आणि ते जागेवर टांगलं. ठकूला म्हणाली, "कुणाला सांगू नगं." ठकूने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला स्वतःलाही ते आठवत नव्हतं.

वेणूला मात्र आठवत होतं. तोंडं पुसली जायची, भीती पुसली जात नसे. चोराच्या मनात चांदणं. कोंडाबाई माजघरात गेली तरी वेणू हातातलं काम टाकून तिच्यामागे जायची. घरात सगळे तिच्या गाठोड्याच्या जिवावर निर्धास्त होते, आणि त्यात आता चिंधी आहे हे तिला एकटीला ठाऊक होतं. ठसे आता सहा दिवसांत भाजायला लागले, मग चार. गाठोडी भराभर संपू लागली. काशीबाई गेली, सखू गेली, तान्ही गेली. जिला घरातल्या कुणी पाहिलं नव्हतं ती खापरपणजी चार दिवस सगळ्यांच्या मानेवर बसून गेली.

कोंडाबाई हिकमती बाई. तिने वापरलेली तोंडं पेटीतून काढली आणि गोधडी शिवायला बसली. साळूबाईचं कपाळ, चिमाबाईचा एक डोळा, भागीरथीचं नाक, दोन वेगवेगळ्या गालांचे तुकडे. टाके बारीक, तिच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. ते शिवलेलं तोंड चौघांना आलं तेव्हा ठकूला हसू आवरेना आणि हसताना टाके ओढायला लागले. काठाने जरा विचार केला आणि धरलं. पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी पहारेकरी खिशातले ठसे जुळवत काठावर बसलेले दिसले. त्यांनी हनुवटी ओळखली होती.

त्या दुपारी कोंडाबाईने शेवटच्या खुंटीकडे बोट केलं.

"आता तुझं, सूनबाई. उद्या पहाटं दोरा तिथं बांध."

"आत्या, माझं चालायचं न्हाई."

"का? उंदरानं कुरतडलं व्हय?"

"पहारेकऱ्यानं बघितलंय."

कोंडाबाईने सुई गोधडीत खुपसली. "कवा?"

"यमुनाबाईचं उघडं हुतं तवा. पदर उचलला हुता. ठकूला दाखवायचं हुतं."

वेणूला वाटलं आता हात उठेल. उठला असता तर बरं झालं असतं. कोंडाबाई खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "दिसलं का तिला?"

"न्हाई. नीट न्हाई दिसलं."

"मग फुकटच गेलं."

दगडू दाराशी बसून सुतळी वळत होता. त्याने वर पाहिलं नाही. कोंडाबाई गोधडीची घडी घालता घालता बोलली, नेहमीच्या आवाजात, उद्या कोणती भाजी करायची ते सांगावं तसं.

"मग पोरीचं काढू. तिचं कुणीच बघितलं न्हाई."

"ती सात वर्षांची हाय."

"काठाला काय वय कळतं?"

"आन्‌ आठ दिसांनी?"

"चार," दगडू म्हणाला. तो फक्त चूक दुरुस्त करत होता.

"चार दिसांनी काय, आत्या?"

"चार दिसांनी चार दिसांचं बघू. माझं उघडलं तवा मी तापात पडून हुते. शुद्धीवर आले तवर ते पेटीत जाऊन पडलं हुतं. म्या माझं तोंड कवाच कुणाच्या अंगावर बघितलं न्हाई. मेले का मी? सांजच्याला हळद भिजत घाल."

वेणूने हळद भिजत घातली. तिचा राग सासूवर नव्हता, हे तिला नवलाचं वाटलं. ती म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिला तिच्या माणसांना जिवंत ठेवायचं होतं आणि दुसरी वाट तिला कुणी दाखवली नव्हती. राग होता तो साठ खुंट्यांवर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. भीती म्हणाल तर तीही पुष्कळ होती. ठकू उंबऱ्यावर पाण्यात पाय सोडून बसली होती, कोंडाबाईने शिवलेलं उसनं तोंड घेऊन, आणि गाणं म्हणत होती. चार दिवसांनी तिचं जे असेल नसेल ते पहारेकऱ्यांच्या खिशात असणार होतं, आणि ठकूला आयुष्यभर तीळ कुठे होता ते आठवत बसायचं होतं. तेही आयुष्य चार दिवसांहून मोठं निघालं तर.

पहाट झाली. गोधडीचं तोंड कडेने सुटायला लागलं. कोंडाबाईने तळवे डोळ्यांवर ठेवले, दगडूने ठेवले, ठकूने ठेवले. हळदीची वाटी पाटाशेजारी तयार होती. पोरीच्या कपाळाची कड ओली करायची, एवढंच काम. वेणू माजघरात गेली. तिने डोळे मिटले नाहीत. तांबडा दोरा सोडला आणि हातात धरून उभी राहिली.

"झालं का?" कोंडाबाईने विचारलं.

"व्हतंय."

सुटलेलं तोंड तिघांच्या मांडीवर आणि वेणूच्या पायांशी पडलं. बाहेर दर्शनी भिंतीवरचं तोंडही गळून पाण्यात गेलं. काठाने घराकडे पाहिलं आणि एकेक बोट काढून घेतलं, आधी करंगळी, शेवटी अंगठा. जमीन सरकली. चुलीवरचं भांडं अलगद एका बाजूला गेलं.

"वेणे, घर हाललं."

"हाललं."

"काठ?"

"सोडला त्यानं."

कोंडाबाई रडली नाही, ओरडली नाही. तळवे तिने डोळ्यांवर आणखी घट्ट दाबले, आणि तिच्या शेजारी दगडूनेही. "काय केलंस गं बाई," एवढंच ती म्हणाली. घर मध्यधारेला लागलं. काठावरचा पहारेकरी मान वर करून भिंतीकडे बघत होता. भिंतीवर काही नव्हतं. त्याने जांभई दिली आणि पुढच्या घराकडे वळला.

ठकूने हात खाली घेतले होते. आत दिवस उजाडला होता आणि त्या उजेडात पोरीला तोंड होतं. तिचं. वेणू भिंतीला टेकली. सात वर्षं या मुलीला न्हाऊमाखू घातलं, आणि हे तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आई, तुझं तोंड कुठाय?" ठकूने विचारलं. वेणूला फक्त डोळे आणि बोलायची फट होती, बाकी सगळं सपाट.

"बांधलंय."

"मग मी तुला कशी वळखू?"

"हातावरनं."

वेणूने तिचा दंड धरला आणि दचकली. दंड मऊ होता. तिचे स्वतःचे हात, दगडूची मनगटं, कोंडाबाईचे खांदे, सगळं घराबरोबर कधीच ताठरलं होतं, दारा-खिडक्यांइतकं. पण पोर मऊ होती, कणकेच्या गोळ्यासारखी. लांबून पाण्याचा घरघराट ऐकू यायला लागला. समोर गाळणघराची भिंत होती आणि भिंतीत उभ्या, अरुंद, उजेडाच्या फटी. घर तिथे अडकणार होतं. घरातली तीन माणसं अडकणार होती. ठकू मात्र निघाली असती, कूस बदलून, श्वास सोडून, एकटी.

"पल्याड गेलीस की थांबायचं," वेणू म्हणाली. "पाण्यात न्हाई, कडंला. मी येते."

"कवा?"

"येते."

"आन्‌ तू मला कशी वळखशील?"

पलीकडे किती पोरी असतील कुणास ठाऊक, आणि वेणूला या तोंडाची ओळख पुरती घटकाभराचीही नव्हती. तिने ठकूला खिडकीशी उजेडात ओढलं, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पाठ करायला सुरुवात केली. कपाळ अरुंद. मधोमध केसांचं टोक खाली आलेलं. उजवी भुवई मध्येच तुटलेली, डावी अखंड. डोळ्यांत अंतर जरा जास्त. नाक आखूड, शेंड्यावर ओरखडा. वरचा ओठ पातळ, खालचा मधोमध चिरलेला. ती बोटं फिरवत ओठांच्या खाली उतरली आणि तिथे ठकूला गुदगुल्या झाल्या.

ठकू हसली. गाल वर गेले, डोळ्यांतलं अंतर कमी झालं, नाक पसरलं, आणि डाव्या गालात खळी पडली, जी आत्तापर्यंत नव्हती. पाठ केलेल्यातलं काहीच जागेवर राहिलं नाही.

"हसू नगं," वेणू म्हणाली. "जरा गप ऱ्हा माझे बाई."

ठकूला आणखीच हसू आलं. वेणूने पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.